उद्देशपत्रातील परक्या हाताची मर्यादा

परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी गणेशोत्सव सरला की एक निराळीच लगबग सुरू होते. अमेरिकेतील पुष्कळशा पीएच.डी. अभ्यासक्रमांच्या अर्जांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपत असल्यामुळे दिवाळीपर्यंत गुणपत्रके, परीक्षांचे निकाल आणि शिफारसपत्रे यांची तजवीज झालेली असावी लागते. आणि ही सारी कागदपत्रे जमली तरी ज्या एका दस्तऐवजापाशी भले भले हुशार विद्यार्थी अडून बसतात, तो म्हणजे विद्यार्थिवर्गात ‘एसओपी’ या नावाने ओळखले जाणारे उद्देशपत्र. गुणपत्रक विद्यापीठ देते, शिफारस प्राध्यापक करतात, परीक्षेचे गुण परीक्षा घेणारी संस्था कळवते. सबंध अर्जात अर्जदाराने स्वतःविषयी स्वतःच बोलावे अशी जागा बहुधा एवढीच, आणि नेमक्या त्याच जागी दुसऱ्याच्या मदतीचा मोह सर्वांत प्रबळ होतो. ही मदत कोणाची घ्यावी, कितपत घ्यावी आणि कोठे थांबावे, याविषयी विद्यार्थी व पालक यांच्या मनात जो गोंधळ आढळतो, तो काही अंशी दूर व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथमतः एक अनाठायी धास्ती दूर केली पाहिजे. आपला मसुदा दुसऱ्याला दाखवणे हेच मुळी अप्रामाणिकपणाचे, असे मानणारे काही सचोटीचे विद्यार्थी असतात, आणि ते कोणाचाही सल्ला न घेता, लिहिला तसाच मजकूर रवाना करतात. त्यांच्या सचोटीविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागते, की विद्यापीठांची स्वतःची भूमिका इतकी कडक नाही. एमआयटी, स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलन या संस्थांच्या संगणकविज्ञान विभागांत तेथील पीएच.डी.चे विद्यार्थीच अशा योजना चालवतात, की ज्यांत होतकरू अर्जदाराने आपले उद्देशपत्र मुदतीपूर्वी पाठवावे आणि विभागातील कोणा विद्यार्थ्याने ते वाचून त्यावर विनामूल्य अभिप्राय द्यावा. ज्यांच्या घरी वा महाविद्यालयात असे मार्गदर्शन करणारे कोणी नाही, अशांसाठीच मुख्यतः या योजना निघालेल्या आहेत. त्यांच्या पात्रतेच्या अटी निरनिराळ्या असतात आणि मुदती मुख्य अर्जाच्या बऱ्याच आधी संपतात, म्हणून इच्छुकांनी त्यांची चौकशी सप्टेंबरातच करावी. शोधप्रबंधांच्या बाबतीतही हाच दृष्टिकोन दिसतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्रयस्थाकडून मुद्रितशोधन करून घेण्याविषयी धोरण आखून दिले आहे, त्याचा आशय असा, की शुद्धलेखनाच्या, विरामचिन्हांच्या आणि व्याकरणाच्या चुका त्या त्रयस्थाने दाखवाव्यात, परंतु मजकुरात भर घालू नये आणि युक्तिवादाची मांडणी बदलू नये. ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक संपादकांच्या संस्थेचे नियमही प्रबंधाच्या बाबतीत संपादकाला भाषेच्या दुरुस्तीपुरताच अधिकार देतात. हे दंडक प्रबंधांसाठी असले, तरी उद्देशपत्राला ते उत्तम लागू पडतात.

मग मर्यादा कोठे आहे? ती दुरुस्त्यांच्या संख्येत आहे, अशी पुष्कळांची समजूत असते: पान लाल शाईने भरून गेले म्हणजे मदत फार झाली, चार शब्द बदलले म्हणजे ती माफक राहिली. ही मोजदाद फसवी आहे. इंग्रजीतील ‘ए’ आणि ‘द’ ही उपपदे आपल्या भाषेत नसल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या दोन पानांत ती पन्नास ठिकाणी चुकणे शक्य आहे. कोणी ती पन्नासही जागच्या जागी बसवून दिली, तरी विद्यार्थ्याच्या म्हणण्यात तिळमात्र फरक पडत नाही. उलट, ‘त्या दिवशी माझ्या संशोधनाची दिशा निश्चित झाली’ असे एकच वाक्य मदतनिसाने आपल्या कल्पनेने घातले आणि वस्तुतः तसा दिवस कधी उगवलाच नसेल, तर उरलेला मजकूर अक्षरशः विद्यार्थ्याचा असूनही ते पत्र खोटे होते. उद्देशपत्र ही निवडींची मालिका असते. कोणता अनुभव सांगावयाचा, कोणता वगळावयाचा, अपयश कबूल करावयाचे की नाही, कोणत्या प्रश्नाला आपला म्हणावयाचे, हे सारे निर्णय त्यात गुंफलेले असतात, आणि ते निर्णय जोवर अर्जदाराचे आहेत तोवर शब्दांच्या सफाईत कोणाचा हात लागला याला फारसे महत्त्व नाही. म्हणून कसोटी ही ठेवावी, की आपल्या पत्रातील प्रत्येक वाक्य तेथे का आहे, हे मदतनीस समोर नसताना आपल्या बोलीत, हवे तर मराठीत, समजावून सांगता आले पाहिजे. जे वाक्य असे सांगता येत नाही ते, कितीही सुंदर असो, काढून टाकावे. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामाईक अर्जसेवेत अर्जदाराकडून जी हमी लिहून घेतली जाते, तिचेही तात्पर्य याहून निराळे नाही: विचारविनिमय, मुद्रितशोधन व संपादन यांसाठी मार्गदर्शकांचे साहाय्य घेण्यास मुभा आहे, मात्र मजकूर अंशतः वा पूर्णतः दुसऱ्याने लिहिलेला नसावा आणि अखेरचा दस्तऐवज अर्जदाराच्या अनुभवाचे खरे प्रतिबिंब असावा.

हा भेद उदाहरणावाचून स्पष्ट होणार नाही, म्हणून एक कल्पित परंतु संभाव्य प्रकरण घेऊ. समजा, मराठवाड्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थिनीने शेवटच्या वर्षी पाण्यातील फ्लोराइड काढण्याचा प्रकल्प केला आहे. नांदेड, यवतमाळ या जिल्ह्यांतील काही गावांच्या कूपनलिकांत फ्लोराइडचे प्रमाण लिटरला १.५ मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे जाते आणि त्यापायी दात व हाडे विकृत होतात, हे तिला ठाऊक आहे. तिच्या पहिल्या मसुद्यात एवढेच आहे, की तिने ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना वापरून प्रयोग केले, निष्कर्ष समाधानकारक आले आणि तिला पुष्कळ शिकावयास मिळाले. हा मसुदा दोन मदतनिसांकडे गेला, असे समजू.

पहिला मदतनीस व्यवसायाने हेच काम करणारा आहे. तो ‘पुष्कळ शिकावयास मिळाले’ हे वाक्य खोडतो आणि त्या जागी जागतिक जलसंकट, ग्रामीण भगिनींचे अश्रू आणि लहानपणापासून मनात तेवणारी सेवेची ज्योत यांविषयी एक घोटीव परिच्छेद लिहून देतो. इंग्रजी निर्दोष, ओघ उत्तम; मुलगी आणि तिचे वडील दोघेही संतुष्ट. दुसरी मदतनीस गावातील हायस्कुलातून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. तिला रसायनशास्त्र येत नाही, पण वाचता येते. ती त्या वाक्याच्या बाजूला पेन्सिलीने एक खूण करून विचारते, ‘काय शिकलीस, बाळ?’ मुलगी उत्तर देऊ लागते आणि बोलता बोलता तिला आठवते, की प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात फ्लोराइड मिसळून केलेले प्रयोग यशस्वी झाले होते खरे, परंतु गावाहून आणलेल्या कूपनलिकेच्या पाण्यावर तोच पदार्थ निम्म्यानेही काम करीना. तेव्हा तिने पाण्याचा सामू तपासला, त्यातील बायकार्बोनेटचे प्रमाण मोजले आणि तिच्या ध्यानात आले, की अधिक सामू आणि अधिक क्षारता असलेल्या पाण्यात ॲल्युमिनाची फ्लोराइड धरून ठेवण्याची शक्ती मंदावते. अहवालात हा भाग तिने शेवटच्या पानावर ओझरता दिला होता, कारण तिला तो आपला पराजय वाटला होता. शिक्षिका पुन्हा विचारते, ‘मग हे का नाही लिहिलेस?’ यानंतर जे लिहिले जाईल त्याचे इंग्रजी कदाचित खडबडीत असेल, त्यातील चुका ती शिक्षिकाच दुरुस्त करील. परंतु पर्यावरण-अभियांत्रिकीचा जो प्राध्यापक ते पान वाचील, त्याच्यासमोर एक विचार करणारी व्यक्ती प्रथमच उभी राहील.

माझ्या मते दुसरी मदत ही पहिलीपेक्षा अधिक खोल आहे. तिने त्या पत्राचा कायापालट केला आणि तरीही त्यातील एकही विचार उसना नाही. नीती आणि हित यांची वाट येथे एकच असल्याचे जे दिसते, तो योगायोग मानण्याचे कारण नाही: प्रवेशसमिती हे पत्र भाषाप्रभुत्वाच्या परीक्षेसाठी मागवीत नाही, तर हा विद्यार्थी आमच्या विभागात दोन किंवा पाच वर्षे काय करील, कोणाच्या हाताखाली करील आणि प्रयोग फसला असता कसा वागेल, याचा अंदाज बांधण्यासाठी मागवते. घोटीव परिच्छेदातून तो अंदाज बांधता येत नाही.

उसन्या मजकुराचे व्यावहारिक धोकेही आहेत, ते थोडक्यात सांगतो. जीआरई परीक्षेत अर्जदाराने परीक्षागृहात बसून, कोणाच्याही मदतीवाचून लिहिलेला निबंध गुण मागवणाऱ्या विद्यापीठाला पाहता येतो; तो निबंध आणि उद्देशपत्र यांच्या भाषेत जमीनअस्मानाचे अंतर असले, तर वाचणाराच्या मनात कोणता प्रश्न उद्भवेल हे सांगावयास नको. शिवाय मुलाखत असते, आणि साम्य शोधणारी संगणकीय तपासणीही असते. ब्रिटनमधील पदवीप्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या यूकास या संस्थेने २००७ साली केलेल्या अशा तपासणीत, आठव्या वर्षी रसायनांच्या खेळण्याने पायजम्याला भोके पाडल्याची एकच आठवण २३४ अर्जदारांनी आपली म्हणून सांगितल्याचे निष्पन्न झाले. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या व्यवस्थापन महाविद्यालयाने २०१० साली एमबीएचे २९ अर्ज वाङ्मयचौर्याच्या कारणावरून फेटाळले, आणि लॉस एंजलीसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील अँडरसन व्यवस्थापन महाविद्यालयाने २०१२ साली ५२. यांतील काही अर्जदारांनी मजकूर स्वतः चोरला असेल, काहींना तो पैसे घेऊन दुसऱ्याने विकला असेल. दोहोंचा निकाल एकच लागला, कारण सही अर्जदाराची होती. परंतु पकडले जाण्याच्या भीतीवर मी फारसा भर देऊ इच्छीत नाही, कारण भीती ओसरली की तिच्यावर उभारलेला प्रामाणिकपणाही ओसरतो.

महाराष्ट्रातील कन्येने अमेरिकन महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी स्वतः लिहिलेल्या एका पत्राचे येथे स्मरण होणे साहजिक आहे. आनंदीबाई जोशी यांनी जून १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजला जे पत्र लिहिले, ते आज तेथील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेले आहे. इंग्रजी त्यांना यजमानांनी, गोपाळरावांनी, शिकवले होते. अमेरिकेतील मिशनऱ्यांशी पत्रव्यवहाराचा पहिला उद्योगही गोपाळरावांचाच. म्हणजे मदत होती, आणि ती आयुष्यभराची होती. परंतु त्या पत्रात त्यांनी जे सांगितले, की प्रवेशाच्या सर्वच अटी आपण पूर्ण करू शकू असे नाही, आणि आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टराच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात म्हणून आपण येथवर आलो आहोत, ते सांगण्याचा अधिकार आणि कारण त्यांच्यापाशी होते. आपली उणीव मोकळेपणाने मांडणारा अर्ज आजच्या सल्लागाराने कदाचित खोडून काढला असता. महाविद्यालयाने तो मान्य केला, आणि १८८६ साली त्या तेथून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

आता व्यावसायिक सल्लागारांविषयी. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथे अशा संस्था पुष्कळ आहेत आणि त्या सर्वच अप्रामाणिक आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. विद्यापीठांची माहिती, मुदती, व्हिसाची कागदपत्रे यांबाबत त्यांचा उपयोग होतो. तथापि पालकांनी दोन गोष्टींचा खुलासा पैसे भरण्यापूर्वीच करून घ्यावा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील अनेक विद्यापीठे प्रवेशामागे अशा संस्थांना दलाली देतात. तेव्हा आपल्याला सुचवलेले विद्यापीठ कोणाच्या हिताचे आहे, हे स्पष्ट विचारण्यात संकोच बाळगू नये. दुसरे असे, की ‘एसओपी आम्ही तयार करून देऊ’ अशी अट ठरावात असल्यास ती काढावयास लावावी, आणि तिच्याऐवजी ‘विद्यार्थ्याच्या मसुद्यावर लेखी अभिप्राय’ एवढेच मागावे. जी संस्था याला राजी होत नाही, तिच्यापाशी आपला वेळ घालवू नये. ज्यांना असा खर्च झेपत नाही त्यांनी खचून जाण्याचे कारण नाही. लक्षपूर्वक वाचणारी, आपल्या विषयाची नसली तरी प्रश्न विचारणारी दोन माणसे प्रत्येक तालुक्यात सापडतात, आणि उद्देशपत्राला त्याहून अधिक काही लागत नाही.

पालकांना आणि थोरल्या भावंडांना एक विनंती आहे. परदेशी असलेला दादा अथवा ताई रात्री दोन वाजता धाकट्याचे पत्र उघडून, प्रेमापोटी, सबंध नव्याने लिहून पाठवते, असे वारंवार घडते. त्या प्रेमाविषयी शंका नाही. पण धाकट्याने ते वाचले म्हणजे त्याला प्रथम जाणवते ते हे, की आपण लिहिलेले पाठवण्याच्या लायकीचे नव्हते. ही खूणगाठ मनात बांधून जो मुलगा विमानात बसतो, त्याला पहिल्याच सत्रातील पहिला निबंध लिहिताना पुन्हा दादाची आठवण होते. म्हणून मदत करणाराने मूळ फाइलीत हात घालू नये. समासात प्रश्न लिहावेत. भाषेची चूक असेल तर ती अधोरेखित करून कारण सांगावे. वाक्य सुचवावेसे अगदी वाटलेच तर दोन-तीन पर्याय तोंडी सांगावेत आणि लिहिण्याचे काम विद्यार्थ्यावर सोडावे. शब्दमर्यादेसाठी काटछाट करण्याचे काम तर मुळीच अंगावर घेऊ नये, कारण काय टाकावे हे ठरवणे म्हणजेच काय महत्त्वाचे आहे हे ठरवणे होय.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरल्यापासून हा प्रश्न घरोघरी, आणि फुकटात, उपस्थित झाला आहे. त्याविषयी विद्यापीठांत एकवाक्यता नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात मिशिगन विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयाने प्रवेशनिबंधांत अशा साधनांचा वापर निषिद्ध ठरवला, आणि त्याच सुमारास ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयाने तो, कबुली देण्याच्या अटीवर, मान्य केला. कॅल्टेकने पदवीप्रवेशासाठी केलेल्या मार्गदर्शक नियमांत व्याकरण तपासून घेण्यास हरकत नाही, परंतु दुसऱ्या भाषेत लिहिलेला निबंध यंत्राकडून भाषांतरित करवून घेणे अनुचित मानले आहे. मराठीत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. प्रत्येक अर्जातील या विषयीचे कलम स्वतंत्रपणे वाचावे. एका विद्यापीठाची मुभा दुसऱ्याकडे दाखला म्हणून चालत नाही. माझा स्वतःचा सल्ला असा, की पहिला मसुदा कागदावर, मराठीत किंवा मोडक्यातोडक्या इंग्रजीत, यंत्र दूर ठेवून लिहावा. इंग्रजीत तो आपणच आणावा. आणि यंत्राला विचारावयाचेच झाले तर व्याकरणापुरते, तेही वाक्य बदलून न मागता चूक कोठे आहे एवढेच विचारावे. सर्व मसुदे तारखांसह जपून ठेवावेत. पुढे शंका उपस्थित झालीच, तर आपल्या विचाराचा प्रवास दाखवणारा त्याहून चांगला पुरावा नाही.

शेवटी एका शिरस्त्याविषयी, कारण त्याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. आपल्याकडे पुष्कळ महाविद्यालयांत शिफारसपत्र मागावयास गेलेल्या विद्यार्थ्याला प्राध्यापक सांगतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ प्राध्यापकांवर कामाचा बोजा असतो, वर्ग मोठे असतात, आणि त्यांच्या मनात वाईट काही नसते. परंतु शिफारसपत्र हे त्रयस्थाचे मत म्हणून वाचले जाते. अमेरिकेतील १९७४ च्या शैक्षणिक अभिलेख-गोपनीयता कायद्याने विद्यार्थ्याला मिळणारा ते पत्र पाहण्याचा हक्क अर्जदाराने सोडून द्यावा, असा पर्याय अर्जातच दिलेला असतो, तो याच कारणाने. स्वतःच लिहिलेले पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याची सही करणे, हे उद्देशपत्रात दुसऱ्याचा परिच्छेद घालण्याइतकेच गंभीर आहे. येथे विद्यार्थ्याची अडचण खरी आहे, कारण गुरुजनांना नकार कसा द्यावा? नकार देण्याची गरज नाही. मसुद्याऐवजी एक टिपण घेऊन जावे: सरांच्या कोणत्या विषयाला आपण होतो, कोणता प्रकल्प केला, त्यात काय बिघडले आणि ते कसे सुधारले, वर्गात सरांशी कोणत्या प्रश्नावर चर्चा झाली होती, कोणत्या विद्यापीठाला कशासाठी अर्ज करीत आहोत आणि मुदत कोणती. विशेषण एकही नसावे, केवळ घडलेल्या गोष्टी असाव्यात. ‘सर, आपल्याला लिहिणे सोपे जावे म्हणून तपशील आणला आहे, मत मात्र आपलेच हवे,’ असे नम्रपणे सांगितले असता बहुतेक शिक्षक आनंदाने लिहितात, आणि लिहिताना त्यांना असे काही आठवते जे विद्यार्थ्याला स्वतःविषयी ठाऊकच नसते. हे टिपण मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी द्यावे, आठवड्याने एकदा आठवण करून द्यावी. आणि तरीही सर मसुद्याचाच आग्रह धरतील, तर त्यांचे आभार मानून, ज्यांनी आपले काम जवळून पाहिले आहे अशा दुसऱ्या शिक्षकांकडे जावे, मग ते विभागप्रमुख नसून नुकतेच रुजू झालेले व्याख्याते असले तरी चालेल.